झाडावरची द्राक्षे आणि धुराची चव

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या घरात पणजोबांच्या नावावर दोन थापा जमा आहेत. पहिली अशी, की इटली नावाच्या मुलखात द्राक्षाचे वेल झाडांवर चढवतात आणि माणसे शिडी लावून द्राक्षे तोडतात. दुसरी अशी, की तेथला शेतकरी स्वयंपाकघराच्या तुळयांना द्राक्षांचे घड टांगतो, त्यांना चुलीचा धूर देतो आणि मग त्या धुरकटलेल्या द्राक्षांची दारू करतो.

पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. १९४४ सालच्या उन्हाळ्यात त्यांची पलटण इटलीत लढत होती. मी त्यांना पाहिलेले नाही. जे सांगते ते आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, तोंडून ऐकलेले. लढाईबद्दल पणजोबा फारसे बोलत नसत. कोणी विचारलेच तर विषय बदलून झाडावरच्या द्राक्षांची गोष्ट काढीत. एका घरात म्हातारीने त्यांना रिकामे खिळे ठोकलेल्या तुळया दाखवल्या, हातांनी घड टांगल्याची खूण केली, चुलीकडे बोट दाखवले, आणि कपाटातून बाटली काढून छोटासा पेला पुढे केला. तो पेला पणजोबांनी घेतला की नाही, ह्याविषयी घरात आजही दोन मते आहेत, कारण आमच्या घरात माळ आहे.

आमचे गाव तासगाव तालुक्यात. पणजोबा लढाईवर गेले तेव्हा आमच्या शिवारात ज्वारी आणि हरभरा. द्राक्ष औषधालाही नव्हते. पुढे सत्तरच्या दशकात तात्यांनी पहिली बाग लावली. दगडी खांब, तारा आणि मांडव ह्यांवरचा खर्च पाहून पणजोबा म्हणाले, “एवढं कशाला? झाडं लावा. झाडच मांडव धरतंय.” सगळे हसले. तेव्हापासून आमच्याकडे कोणी अचाट काही बोलू लागले, की “झाडावरची द्राक्षे” असे म्हणून त्याला गप्प बसवतात.

गेल्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी ‘दुसऱ्या महायुद्धातील मराठी सैनिक’ हा विषय घेतला, आणि वाचता वाचता ह्या दोन्ही थापांचा पत्ता लागला. त्या थापा नव्हत्याच. इतकेच नव्हे, तर त्यांच्यामागे एका संपूर्ण ग्रामीण जीवनाची, त्याच्या मोडण्याची आणि पुन्हा सावरण्याच्या धडपडीची हकीकत होती. तीच येथे सांगायची आहे. मद्याची भलामण करण्याचा हेतू नाही. हा लेख पेल्याबद्दल कमी आणि शेताबद्दल अधिक आहे.

टायबरचे वरचे खोरे

रोम शहरातून वाहणारी टायबर नदी आपेनाईन पर्वतात उगम पावते आणि खाली येताना उंब्रिया प्रांतातून जाते. तिच्या वरच्या खोऱ्यात चितेर्ना, चित्ता दि कास्तेल्लो, मोंतोने, उंबेर्तिदे अशी जुनी गावे आहेत. बहुतेक गावे टेकडीवर, भोवती तटबंदी, आणि उतारावर शेते.

जुलै १९४४ मध्ये दहावी भारतीय डिव्हिजन ह्याच खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. १० जुलै रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे ह्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील बाकी सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली आणि उरलेल्यांशी हातघाईची झुंज दिली. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातील ह्या जवानाचा देह मिळाला नाही. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर आहे.

पणजोबांच्या सेवामुक्तीच्या कागदावर हीच तिसरी पलटण आहे. तेव्हा त्यांनी पाहिलेली झाडे आणि ती धुरकट तुळई कोणत्या मुलखातली, हे मला कळले. मग मी त्या खोऱ्याच्या शेतीबद्दल मिळेल ते वाचू लागले.

वेलीचे लग्न

आपल्याकडे तुळशीचे लग्न लागते, तसे तेथे द्राक्षवेलीचे. वेल झाडावर चढवण्याच्या पद्धतीला इटालियन भाषेत ‘वीते मारिताता’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, लग्न लावून दिलेली वेल. नवरदेव म्हणजे मेपल, एल्म किंवा पॉप्लरचे झाड. ही पद्धत रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची मानली जाते. रानातली द्राक्षवेल झाडाच्या आधारानेच प्रकाशाकडे जाते. एट्रुस्कनांनी तेच शेताच्या बांधावर करून घेतले. दक्षिण इटलीत ग्रीकांनी आणलेली रीत वेगळी होती, तेथे वेल छाटून झुडपासारखी ठेंगणी ठेवीत. म्हणजे एकाच देशात द्राक्षशेतीचे दोन वारसे शेजारी शेजारी नांदले.

रोमन लेखकांनी झाडावरच्या वेलींचे पुष्कळ वर्णन केले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील थोरला प्लिनी तर सांगतो, की कांपानिया भागात वेली पॉप्लरवर इतक्या उंच जात, की द्राक्षे तोडायला येणारा मजूर करार करतानाच आपल्या अंत्यविधीचा आणि थडग्याचा खर्च मालकाकडून कबूल करून घेई. मजुराच्या जिवाची किंमत दोन हजार वर्षांपूर्वीही करारात लिहावी लागत होती, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. पुढे हाच प्रश्न मला दुसऱ्या वाटेने पुन्हा भेटणार होता.

झाडाला वेल का? एक तर खांबाचा खर्च नाही, आणि झाड कुजत नाही, वाढते. दुसरे, वेल उंच राहिल्याने गुरे तोंड लावत नाहीत आणि जमिनीलगतच्या हिमकडाक्यापासून कोवळा फुटवा वाचतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. झाडांच्या दोन ओळींत रुंद पट्टा मोकळा असे. त्यात गहू, मका, चारा पिके घेत. मेपलचा पाला बैलांना, छाटलेल्या फांद्या चुलीला. बांधावरच्या वाळुंजाच्या लवचीक काड्या वेली बांधायला, तार वा सुतळी विकत घ्यायला नको. बैलांचे शेण पुन्हा त्याच पट्ट्यात. एका शेतातून भाकरी, वैरण, सरपण आणि वाइन अशा चार गोष्टी निघत आणि बाहेरून जवळजवळ काहीच आणावे लागत नसे.

आज शहाणी माणसे ज्याला शाश्वत शेती म्हणतात, ती हीच नव्हे काय? वाचताना मलाही प्रथम असेच वाटले. पण ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ह्या शेतात राबत कोण होते, ते पाहावे लागते.

निम्म्या वाट्याची माणसे

मध्य इटलीतील शेती कित्येक शतके ‘मेझाद्रिया’ पद्धतीने चालली. शब्दातच अर्धा वाटा आहे. जमीन आणि घर मालकाचे, राबणूक कुटुंबाची, उत्पन्न निम्मे निम्मे. आपल्या बटईसारखेच, पण करार जमिनीपुरता नसे. सारे कुटुंब त्या जमिनीला बांधलेले असे. मालक शहरात राही. त्याचा कारभारी हिशेबाची वही ठेवी, आणि वहीत कुटुंबाचे देणे बहुधा निघतच असे. शिवाय सणावाराला मालकाच्या घरी अंडी, कोंबडे पोचवायचे ते वेगळेच.

अशा कुटुंबाला एकाच पिकावर भिस्त ठेवणे परवडत नाही. गहू गेला तर मका हवा, मका गेला तर द्राक्ष हवे. म्हणून झाड, वेल, धान्य आणि गुरे एकाच तुकड्यात. आज ज्या देखाव्याची छायाचित्रे घेण्यासाठी लोक दुरून येतात, तो देखावा सौंदर्यदृष्टीने कमी आणि भुकेच्या भीतीने अधिक घडलेला आहे.

वाइनचेही तेच. चांगली वाइन मालकाच्या वाट्याला आणि बाजाराला जाई. द्राक्षे गाळून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून पुन्हा आंबवलेले पाणचट पेय कुटुंब वर्षभर पिई. ज्याने वेल वाढवली त्याच्या ताटाशी द्राक्षाच्या चोथ्याचे पाणी, ही त्या वारशाची दुसरी बाजू. ती विसरून वारशाचे गोडवे गाणे मला बरोबर वाटत नाही.

धुराची चव

मात्र एक वाइन ते कुटुंब स्वतःसाठी जपून ठेवी, आणि तीच पणजोबांच्या दुसऱ्या थापेतली. तिचे नाव ‘विन सांतो’, म्हणजे पवित्र वाइन. ती तोस्काना आणि उंब्रियात अनेक ठिकाणी होते. पण टायबरच्या वरच्या खोऱ्यातली धुरावलेली विन सांतो निराळी.

कृती अशी. सुगीच्या वेळी त्रेब्यानो, मालवाझिया अशा पांढऱ्या द्राक्षांचे निरोगी, सुटसुटीत घड निवडून बाजूला काढायचे. घड दाट असेल तर आतल्या मण्यांना हवा लागत नाही आणि बुरशी धरते. मग दोन दोन घड दोरीने एकत्र बांधून ते छताच्या तुळयांना टांगायचे. खोली कोणती? जेथे विस्तव असतो ती, म्हणजे स्वयंपाकघर, किंवा तंबाखू सुकवण्याची खोली.

तंबाखूची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. ह्याच खोऱ्यात कोस्पाया नावाचे एक चिमुकले गाव आहे. १४४१ च्या सुमारास पोप आणि फ्लॉरेन्स ह्यांच्यात सरहद्द ठरली ती एका ओढ्यावरून. पण त्या भागात एकाच नावाचे दोन ओढे होते, आणि त्यांच्या मधली पट्टी कोणाच्याच वाट्याला गेली नाही. तेथल्या लोकांनी स्वतःला स्वतंत्र जाहीर केले आणि १८२६ पर्यंत ते राज्य टिकले! करमुक्त तंबाखू पिकवणे हा त्यांचा मोठा उद्योग होता. तंबाखू तेव्हापासून ह्या खोऱ्याचे पीक झाले, आणि तंबाखू सुकवायला पेटवलेल्या विस्तवावर शेजारी टांगलेली द्राक्षेही सुकू लागली.

महिनोन्‌महिने घड असे टांगलेले राहतात. पाणी उडून जाते, साखर घट्ट होते, आणि लाकडाचा धूर हलकेच सालीत मुरतो. वजन निम्म्यावर येते. हिवाळ्यात ते घड काढून, वाईट मणी वेचून टाकून गाळतात. निघणारा रस थोडा आणि मधासारखा दाट. तो छोट्या लाकडी पिंपांत भरतात आणि त्यात जुन्या पिंपाच्या तळाशी राहिलेला दाट साका घालतात. ह्या साक्याला ते ‘मादरे’, म्हणजे आई, म्हणतात. आपल्याकडे विरजण जसे घरोघर सांभाळतात आणि शेजारणीला देतात, तशी ही आई एका पिढीकडून दुसरीकडे जाते. मग पिंपाचे तोंड बंद करून ते वर्षानुवर्षे ठेवून देतात. उन्हाळ्यात आतला रस आंबू लागतो, थंडीत थांबतो, पुन्हा उन्हाळ्यात जागा होतो. पाहुणा, लग्न, सण अशा प्रसंगी पेलाभर निघते.

तासगावच्या माणसाला हे परके वाटू नये. आम्हीही द्राक्षे सुकवतो. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. शेडमध्ये जाळ्यांवर घड पसरतात, आणि रंग सोनेरी यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. आमची धुरी रंगासाठी, त्यांचा धूर चवीसाठी. आमचा माल पंधरा दिवसांत तयार होतो, त्यांचा कित्येक वर्षांत. दोन्हीकडे घड हाताळणारे हात मात्र बहुतेक बायकांचेच.

झाडे तोडली गेली

महायुद्धानंतर हे सारे फार लवकर मोडले. उत्तरेकडील कारखान्यांना माणसे हवी होती, आणि ज्याच्या कारभाऱ्याच्या वहीत नेहमी देणेच निघते तो माणूस कारखान्याकडे जाणारच. १९६४ च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी झाली. १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या कुळवहिवाटीत बदलण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली. तेथे कायदा येईपर्यंत पुष्कळ कुळे जमीन सोडून गेलीही होती.

मागे राहिलेल्यांनी ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला झाडे आड येतात. बैल गेले तसा मेपलच्या पाल्याचा उपयोगही गेला. युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने सरळ ओळींच्या, तारांच्या, फक्त द्राक्षाच्या बागा उभ्या राहू लागल्या. झाडे तोडणाऱ्यांना दोष देता येत नाही. झाडावरचे द्राक्ष सावलीमुळे उशिरा पिके, वाइन पुष्कळदा पातळ आणि आंबट होई, आणि शिडीवरून पडून माणसे जायबंदी होत. नव्या बागेत काम सोपे होते आणि माल अधिक निघत होता.

पण अधिक माल म्हणजे अधिक भाव नव्हे, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. स्वस्त वाइनचा पूर आला. मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी वाइन तिच्यातील मद्यार्काच्या अंशावर विकली जाई. अंश वाढवला की भाव वाढे. मार्च १९८६ मध्ये उत्तर इटलीत माणसे वाइन पिऊन मरू लागली आणि काहींची दृष्टी गेली. अंश वाढवण्यासाठी काही व्यापाऱ्यांनी तिच्यात मिथेनॉल, म्हणजे लाकडी स्पिरिट, मिसळले होते. विषारी दारूचे बळी आपल्याही वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. तेथे तेवीस माणसे गेली. परदेशांनी इटालियन वाइन परत पाठवली आणि निर्यात कोसळली. ज्यांनी कधी भेसळ केली नव्हती, त्यांचाही माल पडून राहिला.

ह्या घटनेचा अर्थ मी असा लावते. ज्या मालाला गाव नसते, त्याला लाजही नसते. पिंपांतून पिंपांत जाणारी निनावी वाइन कोणाच्या शेतातली हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तिच्यात विष घालताना कोणाचा हात थरथरला नाही.

पुन्हा गावाकडे

गावाचे नाव वाइनला देण्याचा कायदा इटलीत १९६३ सालीच झाला होता. कोणत्या हद्दीतील, कोणत्या जातीची द्राक्षे, एकरी किती उत्पन्न, किती काळ मुरवणे, हे सारे त्यात ठरते. उंब्रियात तोर्जानो गावाला हा मान १९६८ मध्ये पहिल्यांदा मिळाला, आणि १९७४ मध्ये तेथे एका वाइन उत्पादक कुटुंबाने वाइनचे संग्रहालय उघडले. पण कागदावरच्या नावाला खरे वजन आले ते १९८६ नंतर. १९८७ मध्ये सिएना येथे द्राक्षवाइनच्या गावांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली. कार्लो पेत्रिनी ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चळवळीने १९८९ मध्ये ‘स्लो फूड’ हे नाव धारण केले. ह्या चळवळीने पुढे लोपत चाललेल्या खाद्यपेयांची यादी करण्यास आरंभ केला आणि त्यांतील काहींना उत्पादकांसह आधार देण्याची योजना आखली. टायबरच्या वरच्या खोऱ्यातील धुरावलेली विन सांतो त्या योजनेत आहे. मोजकीच कुटुंबे ती करतात. पण तुळयांवरचे खिळे पुन्हा भरू लागले आहेत.

झाडावरच्या वेलीही संपूर्ण गेलेल्या नाहीत. स्पोलेतो आणि मोंतेफाल्को ह्यांच्या परिसरात त्रेब्यानो स्पोलेतिनो जातीच्या काही जुन्या वेली अजून मेपलवर चढलेल्या आहेत. ह्या जातीची द्राक्षे आता मुद्दाम जपली जातात, आणि तिच्या नव्या बागांसाठी काड्या ह्याच म्हाताऱ्या वेलींवरून घेतल्या गेल्या. कोणी दुर्लक्ष केले म्हणून वाचलेली झाडे अशी पुढल्या पिढीचे बियाणे ठरली.

शेतातली रीतही बदलत आहे. उंब्रियातील काय किंवा अन्यत्र काय, आजचा विचारी द्राक्षकरी ओळींमधली जमीन उघडी ठेवत नाही. तेथे गवत राखतो किंवा घोडेवालासारखे द्विदल पेरून फुलावर आले की जमिनीत गाडतो. आपण ताग गाडतो तसेच. उतारावरची माती त्याने धरून राहते. घड पोखरणाऱ्या पतंगाच्या मादीचा गंध सोडणाऱ्या कुप्या तारांना अडकवतात. नर गोंधळतात, मादी सापडत नाही, फवारणी वाचते. इटलीत आज एक लाख हेक्टरांहून अधिक द्राक्षबागा सेंद्रिय पद्धतीच्या आहेत. २०१२ पासून युरोपात नुसती द्राक्षेच नव्हे, तर वाइन तयार करण्याची क्रियाही नियमात बसली तरच बाटलीवर ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहिता येते.

मात्र सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे कोणी समजू नये. डाऊनी, भुरी आणि मुळांवरचा फायलॉक्सेरा ही तिन्ही संकटे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आली. फायलॉक्सेऱ्यावर उपाय म्हणून वेल अमेरिकन खुंटावर बांधावी लागली. आम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो तेही त्याच कुळातले शहाणपण. डाऊनीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण. सेंद्रिय बागेतही तांब्याला पर्याय नाही, आणि तांबे मातीत साचते. म्हणून युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोंहून अधिक तांबे घालण्यास मनाई आहे. २०२३ च्या वसंतात सतत पाऊस झाला आणि मध्य व दक्षिण इटलीत डाऊनीने थैमान घातले. त्या वर्षी इटलीचे वाइन उत्पादन कित्येक दशकांतील नीचांकावर गेले. तांबे जपून वापरायचे ठरवलेल्या शेतकऱ्याने त्या पावसात काय केले असेल, ह्याची कल्पना अवकाळीत रात्रभर जागलेला कोणताही बागायतदार करू शकेल. शाश्वत शेती ही काही निवांत शेती नव्हे.

आप्पांचा प्रश्न

हे सारे वाचून होईतो दिवाळीच्या आधीची फळछाटणी जवळ आली होती, आणि आमच्या घरात दुसरीच चर्चा चालू होती. आमची जुनी बाग तास-ए-गणेश जातीची. तासगावचे नाव मिरवणारी ही जात. गेली काही वर्षे अवकाळी, औषधांचा खर्च आणि बेदाण्याचा उतरलेला सौदा ह्यांत आप्पा पुरते पिचले होते. बाग काढून टाकावी असे त्यांचे म्हणणे, आणि तात्या त्यावर काहीच बोलत नव्हते.

एका रात्री जेवणानंतर मी त्यांना उंब्रियाची ही हकीकत सांगितली. गावाचे नाव, धुराची चव, जपलेल्या वेली, सारे. माझ्या मनात होते, की हे ऐकून आप्पांना हुरूप येईल. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ते घड टांगणाऱ्या बाईला हजेरी किती देत होते?”

मी म्हटले, “पूर्वी काही देत नसत. घरचीच बाई.”

“मग घरची बाई कारखान्यात गेल्यावर टांगायचं कुणी?”

आई तेव्हा शेडमधून आलेला बेदाणा निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण निवडणारा हात क्षणभर थांबला.

वाचलेल्या साऱ्या पानांत मला जे नीट दिसले नव्हते, ते ह्या एका प्रश्नाने दिसले. ती जुनी शेती टिकाऊ होती, कारण तिचा एक मोठा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता. तो म्हातारीच्या पाठीतून, सुनेच्या हातांतून आणि शिडीवरच्या मजुराच्या जिवातून निघत होता. ज्या दिवशी त्या माणसांना दुसरे दार उघडे झाले, त्या दिवशी हजारो वर्षांची रीत एका पिढीत बसली. माती, पाणी आणि हवा टिकवणे अवश्यच आहे. पण राबणारा माणूस टिकत नसेल तर वारसा हा केवळ संग्रहालयात ठेवण्याचा जिन्नस होतो. उंब्रियात आज विन सांतो जगते आहे ती जुन्या प्रेमामुळे खरी, पण त्याहून अधिक ह्यामुळे, की त्या छोट्याशा बाटलीला घड टांगण्याच्या कामासकट किंमत देणारा कोणीतरी आहे. भावात मजुरी मिळाली म्हणूनच वारसा राहिला.

मी आप्पांना तसे सांगितले. ते म्हणाले, “हां, हे खरं.” आणि उठून झोपायला गेले.

आप्पांनी खालचा तुकडा काढून टाकला. वरच्या तुकड्याची छाटणी केली आणि ओळींमधून ताग पेरला. हा शहाणपणा ठरतो की हट्ट, ते सौद्याच्या दिवशी कळेल. बेदाणा निवडायच्या कामाची आईची हजेरी मात्र आप्पांनी यंदा पहिल्यांदाच हिशेबाच्या वहीत धरली. आई म्हणाली, “धरलीय खरी, देणार कधी?” त्यावर सगळे हसले.

तात्यांना मी मेपलवर चढलेल्या वेलींचे छायाचित्र दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे म्हातारा खरं बोलत होता.” मग थोड्या वेळाने आपणच म्हणाले, “खिळ्यांचंही खरंच असणार.”

अशा रीतीने पणजोबांच्या नावावरच्या दोन्ही थापा घराच्या वहीतून वजा झाल्या आहेत. म्हातारीने पुढे केलेल्या त्या पेल्याचे काय झाले, एवढा एक प्रश्न शिल्लक आहे. तात्या म्हणतात, माळकरी माणूस, घेतला नसणार. आई म्हणते, एवढ्या मायेने कोणी दिल्यावर नाही कसे म्हणायचे?